आधी मासे पाळायचेत का ते ठरवा, मग अ‍ॅक्वापोनिक्सचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी मातीशिवाय भाजी पिकवण्यावर लेख आला होता, तो वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसले. लेख चांगला होता, फोटोही छान होते, पण हायड्रोपोनिक्स आणि अ‍ॅक्वापोनिक्सची तुलना वाचताना मला राहवेना. हायड्रोपोनिक्समध्ये विकतचं खत पाण्यात घालून त्यावर भाजी वाढवावी लागते, दुसऱ्यात माशांच्या टाकीचं पाणीच भाजीला देतात, तिथे मासे ठेवले की खत फुकट आणि वर मासेही खायला, म्हणजे दुसरंच केव्हाही चांगलं, असा त्याचा एकूण सूर होता. हे वाचून कोणीतरी येत्या रविवारी टाकी आणणार, त्यात पाणी भरणार आणि संध्याकाळी मासे सोडणार हे मला दिसतंय, कारण मीही अगदी तेच केलं होतं. त्या माशांचं पुढे काय झालं ते सांगायचंय, पत्र लांबलं तर समजून घ्या.

माझी टाकी २०० लिटरची होती, वर क्ले बॉल्स (मातीच्या भाजलेल्या गोळ्या) भरलेला ट्रे, खाली छोटा पंप. ज्यांच्याकडून सगळं सामान घेतलं त्यांनी सांगितलं पाणी भरा, मासे सोडा, रोपं लावा, झालं. मी बारा मासे आणले, पालक आणि पुदिन्याची रोपं लावली, सगळं एकाच दिवशी. आठवडाभर काहीच नाही, पाणी स्वच्छ, मासे फिरतायत, मी रोज दोनदा चिमूटभर जास्तच खाणं टाकत होते कारण खत तिथूनच येणार ना. नवव्या दिवशी सकाळी उठून बघते तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याच्या बाहेर काढून उघडझाप करतायत आणि कल्ले लालभडक. टेस्ट किट होता पण तोपर्यंत डबा उघडलाच नव्हता. नळीत ५ मिली पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटांनी ते पिवळं राहायला हवं होतं ते गडद हिरवं झालं. म्हणजे अमोनिया. घाईघाईनं अर्धं पाणी बदललं, तरी संध्याकाळपर्यंत पाच मासे गेले. उरलेले जरा सावरले असं वाटलं तर पुढच्या आठवड्यात नायट्राइट वाढलं आणि आणखी चार गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं हो, शेवटपर्यंत! पालक मात्र तसाच फिकट पिवळा, एक इंचही वाढला नाही.

हे का झालं ते नीट सांगते कारण अ‍ॅक्वापोनिक्सचा अख्खा खेळ यातच आहे. मासे खातात आणि त्यातून तयार झालेला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. झाडाला त्याचा थोडाफार उपयोग असतो पण माशाला तो विष. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच, कारण ते रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन वाहूच शकत नाही, अक्षरशः तपकिरी पडतं. मग नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर यांच्यासारखे दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते झाडांना हवं असतं, माशांनाही फारसा त्रास देत नाही. आता हे जिवाणू बाटलीतून ओतले आणि कामाला लागले असं होत नाही, ते फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत दोन्ही प्रकारचे जिवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. दही लागायला रात्र जावी लागते, दर तासाला चमचा घालून बघून उपयोग नाही, तसंच आहे हे.

योग्य पद्धत म्हणजे मासे न आणता रिकामी टाकी आणि पंप चालू करायचा, पाण्यात थोडा थोडा अमोनिया घालायचा, एक-दोन दिवसाआड तपासायचं आणि वहीत लिहायचं. आधी अमोनिया वर जातो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. घातलेला अमोनिया २४ तासांत पूर्ण जिरला आणि नायट्राइटही शून्य आलं की मग मासे, तेही थोडे. आणि नळाचं पाणी थेट घालायचं नाही, त्यातलं क्लोरीन माशांनाही वाईट आणि जिवाणूंनाही. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलं, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड लावला की क्लोरीन उडतं, पण काही ठिकाणी क्लोरामाइन घालतात ते असं उडत नाही, त्याला वेगळं औषध लागतं. लेखात यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारं (अल्कधर्मी) आहे त्याचं माप, त्याचंही तेच. एकच अमोनिया पण पीएच ७ ला असेल तर त्यातला विषारी भाग २५ अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, जवळपास दसपट. माझ्या टाकीचा पीएच ८ च्या वर होता हे मला मासे गेल्यावर कळलं.

त्यानंतर सहा महिने मी माशांचं नावच काढलं नाही. उरलेले तीन एका ओळखीच्यांच्या जुन्या, चांगल्या चालू टाकीत सोडून आले आणि घरात एक झाकणाची बादली घेऊन हायड्रोपोनिक्स सुरू केलं, तेही सगळ्यात साधं, क्रॅटकी पद्धतीचं. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती मांडली, पंप नाही, वीज नाही, काही नाही. झाकणाला भोक पाडून त्यात नेट पॉट (जाळीदार छोटी कुंडी) बसवायचा, रोप लावायचं आणि खत कालवलेलं पाणी पॉटच्या बुडाला जेमतेम लागेल इतकं भरायचं. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते, मुळं तिचा पाठलाग करत खाली जातात आणि वर जी जागा रिकामी होते तिथल्या मुळांना हवा मिळते. झाकण उचलून बघा कधी, वरची मुळं बारीक लव आल्यासारखी झुबकेदार दिसतात आणि खालची लांब, गुळगुळीत, पांढरी शुभ्र. यात लोक एकच चूक हमखास करतात, पाणी कमी झालं म्हणून पुन्हा काठोकाठ भरतात, मग त्या वरच्या हवेच्या मुळांचा जीव गुदमरतो आणि चांगलं वाढलेलं रोप दोन दिवसांत मान टाकतं. भरायचंच तर थोडंसं, खालच्या खाली. लेट्यूसच्या एका रोपाला लावल्यापासून काढेपर्यंत साधारण चार लिटर पाणी पुरतं, त्यामुळे बऱ्याचदा भरावं लागतच नाही. बादली काळी किंवा रंगवलेली हवी, उजेड आत गेला की शेवाळ धरतं, आणि झाकणाला कुठे फट राहिली असेल तर बुजवा नाहीतर डास होतात.

माझं पहिलं लेट्यूस पाच आठवड्यांत तयार झालं. कुठलाही जीव गेला नाही. आता यावर कोणी म्हणेल की पण ते रासायनिक खत आहे ना, अ‍ॅक्वापोनिक्स नैसर्गिक आहे. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो म्हणून इथे थोडं थांबते.

मुळं मुख्यतः नायट्रेटच शोषतात. ते पुडीतल्या कॅल्शियम नायट्रेटमधून आलं की माशाच्या अमोनियापासून झालं हे मुळाला कळत नाही. झाडाला पाण्यात विरघळलेली खनिजं दिली की माती नसली तरी चालतं हे युलियस फॉन झाख्स आणि विल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारासच दाखवून दिलं होतं, हायड्रोपोनिक्स हा शब्द तर पुढे १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम गेरिक यांनी रूढ केला. आणि अ‍ॅक्वापोनिक्समधलं खत फुकट कसं हो? मासे हवेतून नायट्रोजन आणत नाहीत, तो आपण टाकलेल्या खाण्यातून येतो. ३२ टक्के प्रथिनांचं १०० ग्रॅम खाणं घेतलं तर त्यात साधारण ५ ग्रॅम नायट्रोजन असतो, त्यातला पाव-एक भाग माशाच्या अंगी लागतो आणि उरलेला पाण्यात. म्हणजे खताच्या पुडीऐवजी आपण खाण्याची पिशवी विकत आणतो, आणि त्या खाण्यात बहुतेक वेळा समुद्रातले मासे वाळवून दळलेले असतात. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण फुकट नाही आणि आपोआप तर मुळीच नाही.

त्या टेबलावर ठेवायच्या छोट्या काचेच्या किटबद्दलही सांगायला हवं, खाली पाच गोल्डफिश आणि वर भाजी असा फोटो असतो तो. पालेभाजीच्या एक चौरस मीटर जागेला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाणं जावं लागतं असा सर्वसाधारण हिशोब आहे. २० ग्रॅमचा एक असे पाच मासे धरले आणि वजनाच्या दोन टक्के खातात म्हटलं तर दिवसाचं खाणं झालं २ ग्रॅम. तेवढ्यात किती जागा पोसली जाते? एक वीत लांब आणि एक वीत रुंद. तेवढ्यात एक, फार तर दोन लेट्यूस. म्हणून ती रोपं पिवळी पडतात आणि मग माणूस जास्त खाणं टाकतो आणि मग माझ्याकडे जे झालं ते होतं.

शिवाय माशांच्या खाण्यातून झाडाला सगळं मिळतही नाही. लोह, पोटॅशियम, कॅल्शियम ही तीन नेहमी कमी पडतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजायचं लोह कमी आहे, ते चिलेटेड (पाण्यात विरघळून राहील अशा) स्वरूपात बाहेरून घालावंच लागतं. कॅल्शियम आणि पोटॅशियमचं मात्र एक बरं आहे, जिवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आंबट होत जातं, पीएच ६ च्या खाली गेला तर जिवाणू जवळजवळ कामच थांबवतात, म्हणून पीएच वर आणायला आलटून पालटून कॅल्शियमचा आणि पोटॅशियमचा क्षार थोडा थोडा घालतात, एका कामात दोन कामं. पण पीएच मनासारखा कोणालाच मिळत नाही हे खरं. झाडांना साडेपाच ते साडेसहा आवडतो, जिवाणूंना सात ते आठ, माशांचं त्यांच्या जातीप्रमाणे वेगळंच, मग सगळ्यांना मिळून ६.८ ते ७ असा समझोता करावा लागतो. हायड्रोपोनिक्समध्ये फक्त झाडाचंच ऐकायचं असतं, हा फार मोठा फरक आहे.

हायड्रोपोनिक्समध्ये भानगडी नाहीत असं नाही. खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांत का येतं हे मला आधी माहीत नव्हतं, दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं एका कपात एकत्र केलं तर क्षणात दुधासारखं पांढरं झालं आणि तळाशी गाळ बसला. ए मधलं कॅल्शियम आणि बी मधलं सल्फेट, फॉस्फेट घट्ट असताना एकमेकांना भेटले की जिप्समसारखा गाळ होतो आणि तो झाडाला मिळत नाही. आधी बादलीभर पाण्यात ए घालून ढवळायचं आणि मग बी. मीटरचीही एक गंमत नव्हे, अडचण आहे, पाण्याची ईसी (पाणी वीज किती वाहून नेतं ते माप, त्यावरून खत किती विरघळलंय ते कळतं) १.२ असेल तर एका कंपनीचा मीटर ६०० पीपीएम (दहा लाखांत किती भाग) दाखवतो आणि दुसऱ्याचा ८४०, कारण एक ५०० नं गुणतो आणि दुसरा ७०० नं. कोणी पीपीएममध्ये आकडा सांगितला तर तुमचा मीटर कुठला हे आधी विचारा, नाहीतर सरळ ईसी विचारा. आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजतात. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि मुळं कुजवणारी बुरशी अशाच गरम, कमी हवेच्या पाण्यात फोफावते. बादलीला ओलं पोतं गुंडाळून सावलीत ठेवली की बराच फरक पडतो, मी करते.

लाईट गेली की काय, हा प्रश्न तर लेखात यायलाच हवा होता. क्रॅटकीच्या बादलीला काहीच होत नाही. पाइपमधून पाण्याचा पातळ थर फिरवणारी एनएफटी पद्धत असेल तर मुळं काही तासांत सुकायला लागतात. माशांच्या टाकीत मात्र ऑक्सिजन संपत जातो, मासे जितके दाट तितका लवकर, आणि तुम्ही त्या वेळी कामावर असता. मी आता बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम जोडून ठेवलाय, लाईट गेली की आपोआप सुरू होतो, तो नसेल तर कृपा करून मासे आणू नका.

कीड पडली तरी तेच. साध्या बादलीतल्या मिरचीवर मावा आला तर निंबोळी तेलाचा फवारा मारून मोकळं होता येतं. खाली मासे असले की तोही जपून, साबणाचं पाणी जपून, तांब्याचं बुरशीनाशक तर लांबच ठेवायचं. मग सकाळ-संध्याकाळ हातानं पानं पुसत बसायचं.

वजनाचा विचार तर कोणी करतच नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं असतं पण टाकी घेताना आठवत नाही. एक चौरस मीटरचा फूटभर खोल खडीचा वाफा ओला झाला की अर्ध्या टनाच्या वर जातो आणि घरांच्या गच्च्या सहसा चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या हिशोबानं बांधलेल्या असतात. इंजिनिअरला विचारल्याशिवाय असली टाकी गच्चीच्या मधोमध ठेवू नये. चार बादल्या कुठेही राहतात.

पाणी वाचतं हे दोन्हीकडे खरं आहे, पण विजेचा आकडाही सोबत सांगायला हवा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये २०१५ साली लेट्यूसचा हिशोब मांडला होता, हायड्रोपोनिक्समध्ये किलोला २० लिटर पाणी आणि शेतात २५० लिटर, उत्पादन जवळपास ११ पट, पण ऊर्जा ८० पटीहून जास्त. तो हिशोब काचघराचा होता, गरम-थंड करणं आणि दिवे त्यात आले. घरात खिडकीतल्या उन्हावर काम भागत असेल तर एवढी वीज जाणार नाही, पण कोणी बंद खोलीत दिवे लावून पालक पिकवणार असेल तर त्याला हा आकडा माहीत असावा. आणि अमुकपट उत्पादन म्हणून जे सांगतात त्याबद्दल एक जुनी गोष्ट आहे, कॅलिफोर्नियातल्याच डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये तपासून सांगितलं होतं की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात फार जास्त पिकतं असं काही नाही. झाडांना लागणाऱ्या खनिजांचं होगलंडचं द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात, त्यामुळे त्यांना या पद्धतीचा राग होता असं कोणी म्हणू शकत नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर वाटेल की मी अ‍ॅक्वापोनिक्सच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. दीड वर्षापूर्वी मी परत टाकी लावली, या वेळी सात आठवडे रिकामी चालवली, रोजचे आकडे वहीत लिहिले आणि मग चार मासे आणले, चारही आज आहेत. पहिले काही महिने गेले की टाकी स्वतःला सांभाळायला लागते, हायड्रोपोनिक्ससारखं दर दोन-तीन आठवड्यांनी सगळं पाणी काढून नवीन भरायचं नसतं, फक्त उडालेलं भरायचं. क्ले बॉल्समध्ये थोडे गांडूळ सोडलेत, ते माशांची घाण खाऊन संपवतात. संध्याकाळी खाणं टाकायला गेले की मासे पावलांच्या आवाजानं कोपऱ्यात गोळा होतात, दोन मिनिटांत खाऊन संपेल इतकंच टाकते आणि उरलं तर जाळीनं काढते. पुदिना तर आवरत नाही इतका वाढतो. पण टोमॅटो मी अजूनही बादलीतच लावते, त्याला फळं धरताना पोटॅशियम इतकं लागतं की चार माशांच्या जिवावर ते होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुलना करताना भाजी किती आणि खत कुठलं एवढ्यावर थांबू नये. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे आधी मासे पाळणं आणि मग भाजी. ज्याला मासे पाळायचेच आहेत, गावाला जाताना त्यांची सोय करायची तयारी आहे, त्यानं जरूर करावं. ज्याला फक्त घरची ताजी भाजी हवी आहे त्यानं एक बादली, एक झाकण आणि दोन बाटल्या घेऊन सुरुवात करावी, चुकलं तर एक रोप जाईल.

आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख द्याल तेव्हा टाकी रिकामी चालवण्याचे सहा आठवडे आणि टेस्ट किट या दोन गोष्टी पहिल्याच परिच्छेदात द्या, फोटोच्या वर. आणि ज्या वाचकांनी तो लेख वाचून टाकी आणली असेल, मासे अजून आणले नसतील, त्यांनी पंप आजच चालू करा आणि मासे तूर्त दुकानातच राहू देत. ज्यांनी आधीच सोडलेत त्यांनी खाणं निम्म्यावर आणा, रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा आणि रंग बदलायला लागला की त्याच दिवशी, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं, तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला. मासे वर यायची वाट बघू नका.

आपली,
एक नियमित वाचक